बेकारीचा सरकारी आकडा आणि काळाचौकीचा कारागीर

बेकारीचा आकडा आता दर महिन्याला वर्तमानपत्रात छापून येतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने १५ मे २०२५ रोजी असा महिन्याचा आकडा पहिल्यांदा जाहीर केला. एप्रिल २०२५ मध्ये देशातील १५ वर्षांवरील श्रमशक्तीपैकी ५.१ टक्के लोक बेकार होते, असे त्यात म्हटले होते. म्हणजे शंभरात पाच. असा आकडा आला की आमच्या कापड बाजारात लोक हसतात. दुकानदार म्हणतो, "पाच कसले? इथे आठवड्यातून तीन दिवस गिऱ्हाईक नाही." शिलाई कारागीर विचारतो, "माझी मशीन महिन्यातून पंधरा दिवस बंद असते. मग मी त्या पाचात की पंच्याण्णवात?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. तो पंच्याण्णवात आहे. सरकारी कारकुनाने काही दडवले म्हणून तो तिथे गेलेला नाही. मोजण्याचे जे नियम ठरलेले आहेत, त्यांत पंधरा दिवस मशीन चालवणारा माणूस 'कामावर असलेला' धरला जातो. हे नियम कोणते, ते कोणी ठरवले, पाहणीवाला घरी येऊन काय विचारतो आणि आपण दारात उभे राहून दिलेल्या उत्तराचे पुढे काय होते, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेणे जरुरीचे आहे. आम्ही काळाचौकीत लहानाचे मोठे झालो आणि पुढे कापडाच्या धंद्यात पडलो. म्हणून उदाहरणे शक्यतो तिथलीच देत आहोत.

आकडा येतो कुठून?

काम किती लोकांना आहे हे मोजण्याचे जुने दोन मार्ग होते. एक म्हणजे गिरणी-कारखान्याचा हजेरीपट आणि दुसरा म्हणजे रोजगार विनिमय केंद्रातील नावनोंदणी. दोन्ही मार्ग आपल्या लोकांच्या दारापर्यंत कधी पोहोचले नाहीत. दोन मशीनच्या शिलाई कारखान्याचा हजेरीपट सरकारकडे जात नाही. जरीवाला, रंगारी किंवा फेरीवाला आपले नाव रोजगार केंद्रात घालायला जात नाही. उलट, नाव घातलेल्यांमध्ये हाती नोकरी असूनही अधिक चांगल्या नोकरीची वाट पाहणारे पुष्कळ असतात. म्हणून तिसरा मार्ग निघाला, तो म्हणजे घरोघरी जाऊन विचारण्याचा.

मुंबईला हा मार्ग नवा नाही. मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ साली सुरू झाले. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली या ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कामगार कमावतो किती, खातो काय, कर्ज किती काढतो, हे त्याच्या घरी जाऊन विचारण्याची सुरुवात या शहरात अशी शंभर वर्षांपूर्वी झाली.

सबंध देशासाठी हे काम १९५० साली सुरू झाले. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली होती. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे तिचे सभासद होते. हिशेब करायला बसल्यावर शेतकरी, कारागीर आणि छोटा दुकानदार यांची माहिती कुठेच नाही, ही अडचण पुढे आली. त्यातून राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. पुढे १९७० साली तिची पुनर्रचना होऊन स्वतंत्र संघटना झाली आणि २०१९ साली ती राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात विलीन करण्यात आली. महाराष्ट्रात राज्य सरकारचे अर्थ व सांख्यिकी संचालनालयही या पाहण्यांत आपल्या वाट्याची घरे घेऊन सहभागी होत आले आहे.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरी तर आजवर कोणी आले नाही. येणारही कसे? शितावरून भाताची परीक्षा, हे या पाहणीचे तत्त्व आहे. जुलै २०११ ते जून २०१२ या काळातील ६८ व्या फेरीत सबंध देशातून सुमारे १ लाख १ हजार घरे घेतली होती. जानेवारी २०२५ पासून हा नमुना वाढवून सुमारे २ लाख ७२ हजार घरांचा केला आहे. तरी कोट्यवधी घरांच्या देशात ती मूठभरच होतात.

कापडवाल्याला हे समजायला अवघड नाही. शंभर ताग्यांचा माल आला तर आपण सगळे तागे उलगडत नाही. पाच-सात तागे उघडून पोत, रंग आणि पन्हा पाहतो. पण एक काळजी घेतो. कोणते तागे उघडायचे हे विकणाऱ्याला ठरवू देत नाही, नाहीतर तो वरचे निवडक तागे पुढे करतो. पाहणीतही तसेच आहे. शहराचे साधारण १२० ते १६० घरांचे एकेक गट पाडलेले असतात. त्यांतून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट निवडतात आणि मग गटातील घरे निवडतात. पाहणीवाल्याला आपल्या ओळखीचे घर घेता येत नाही आणि निवडलेले घर आपल्या मर्जीने सोडताही येत नाही. म्हणून ज्या घराचा दरवाजा वाजतो, ते घर हजारो घरांच्या वतीने बोलत असते.

वर्ष, आठवडा आणि दिवस

घर निवडले, माणसे मोजली. आता कामावर कोणाला म्हणायचे? खरी अडचण इथून सुरू होते.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ सारख्या गिरण्या चालू होत्या, तेव्हाचा बदली कामगार आठवा. पाळी सुरू होण्याच्या वेळी तो गेटवर हजर राहायचा. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी याला आत घेत. कोणी गैरहजर नसले तर हा घरी परत. एखाद्या आठवड्यात दोन दिवस काम, एखाद्यात पाच, एखाद्यात काहीच नाही. अशा माणसाला नोकरी आहे म्हणावे की तो बेकार आहे म्हणावे?

हा प्रश्न प्रा. मोहनलाल दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीपुढे आला. दांतवाला हे मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. समितीने १९७० साली अहवाल दिला. आपल्याकडे पगारदार, रोजंदार, स्वतःच्या धंद्यावर बसलेला आणि घरच्या धंद्यात हातभार लावणारा अशी निरनिराळी माणसे आहेत, या सर्वांना एकाच आकड्यात कोंबले तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही, असे समितीचे मत पडले. त्या शिफारशींच्या आधारे १९७२-७३ च्या २७ व्या फेरीपासून तीन प्रकारे मोजणी सुरू झाली.

पहिली मोजणी वर्षाची. मागील ३६५ दिवसांतील जास्तीत जास्त काळ माणूस काय करीत होता, हे पाहायचे. त्याशिवाय जोडधंदा म्हणून वर्षात निदान ३० दिवस काम केले असेल, तर तेही कामच धरतात. दुसरी मोजणी आठवड्याची. मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले असेल, तर तो माणूस कामावर. तिसरी मोजणी दिवसाची. त्यात सातही दिवसांचा वेगवेगळा हिशेब होतो. चार तास किंवा अधिक काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा दिवस.

समजा एका जरी कारागिराला सोमवारी व मंगळवारी काम मिळाले आणि पुढचे पाच दिवस तो कामाची वाट पाहत बसला. वर्षाच्या हिशेबाने तो कामावर, कारण त्याचा धंदाच तो आहे. आठवड्याच्या हिशेबानेही तो कामावर, कारण एक तासाची अट त्याने केव्हाच पुरी केली. दिवसाच्या हिशेबाने मात्र त्याचे दोन दिवस कामाचे आणि पाच दिवस बेकारीचे. माणूस तोच, आठवडा तोच, उत्तरे वेगळी.

२०११-१२ च्या फेरीत देशातील बेकारी वर्षाच्या हिशेबाने २.२ टक्के, आठवड्याच्या हिशेबाने ३.७ टक्के आणि दिवसाच्या हिशेबाने ५.६ टक्के निघाली. एकाच पाहणीतून, त्याच घरांतून हे तीन आकडे आले आणि तिन्ही खरे होते. कोणत्या पुढाऱ्याने भाषणात कोणता आकडा वापरला, एवढाच प्रश्न. एप्रिल २०१७ पासून दर पाच वर्षांच्या पाहणीऐवजी सतत चालणारी श्रमशक्ती पाहणी सुरू झाली आहे. तिला पीएलएफएस म्हणतात. तिचे बेकारीचे मुख्य आकडे वर्षाच्या आणि आठवड्याच्या हिशेबाने दिले जातात. महिन्याला छापून येणारा आकडा आठवड्याच्या हिशेबाचा असतो. मोडक्या-तोडक्या दिवसांची बेकारी ज्यात सर्वांत स्पष्ट दिसे, तो दिवसाचा आकडा आता ठळकपणे पुढे येत नाही.

आणखी एक गोष्ट. जो गिऱ्हाइकाची वाट पाहत सात दिवस गल्ल्यावर बसला, तो दुकानदार तिन्ही हिशेबांनी पूर्ण कामावर आहे. दुकान उघडून बसणे हेही कामच. त्याने एक मीटर कापड विकले की शंभर, हे या मोजणीत येत नाही.

संपातला माणूस कोणत्या रकान्यात?

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आम्ही तेव्हा उर्दू शाळेत शिकत होतो. काळाचौकी, लालबाग, घोडपदेव या भागांत भोंगे थांबले आणि त्याबरोबर किराणा, कापड, शिलाई, खाणावळ सगळेच थांबत गेले. गिरणी कामगार पगाराच्या भरवशावर उधारीने कापड नेत. ती उधारी कित्येक दुकानदारांच्या वहीत तशीच राहिली.

नमुना पाहणीची ३८ वी फेरी जानेवारी ते डिसेंबर १९८३ मध्ये झाली. ते संपाचे दुसरे वर्ष होते. काही कामगार कामावर परतले होते, हजारो बाहेर होते. पाहणीच्या नियमाप्रमाणे अशा कामगारांची नोंद कशी होणार, हे पाहण्यासारखे आहे.

एक कामगार असा, की ज्याचे नाव गिरणीच्या पटावर आहे आणि परत बोलावण्याची तो वाट पाहत आहे. नोकरी आहे पण तूर्त कामावर नाही, अशा माणसाला नियम कामावर असलेला धरतो. आजारी किंवा रजेवर असलेल्या माणसासाठीही हाच नियम आहे. दुसरा कामगार पोटासाठी भाजीची पाटी घेऊन बसला. तो स्वयंरोजगारी, म्हणजे कामावर. तिसरा रत्नागिरी किंवा साताऱ्याकडे गावी गेला आणि भावाच्या शेतात राबू लागला. तो घरच्या धंद्यातील बिनपगारी मदतनीस, म्हणजे कामावर. आणि त्याची नोंद मुंबईत होणारच नाही, कारण पाहणी माणूस जिथे राहतो तिथे मोजते. चौथा रोज नवीन काम शोधत फिरतो. चौघांपैकी बेकार म्हणून नोंद फक्त याची. एखादा पाचवा थकून, शोध सोडून घरी बसला असेल, तर तो बेकारांतही नाही. त्याला श्रमशक्तीच्या बाहेर काढतात, कारण बेकार म्हणवून घ्यायला काम शोधत असणे किंवा काम मिळाल्यास करायला तयार असणे आवश्यक आहे.

पाच घरांचा पगार एकाच दिवशी बंद झाला, पण पाच घरे पाच रकान्यांत गेली. यात पाहणीवाल्यांची लबाडी नाही. प्रत्येक रकान्याला काही तर्क आहे. पण यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेकारीचा दर कामाचा प्रकार सांगतो, कमाई किती बुडाली हे सांगत नाही. गरीब माणसाला फार दिवस बेकार राहणे परवडत नाही. मिळेल ते काम तो धरतो आणि त्या क्षणी बेकारीच्या आकड्यातून निघून जातो.

बेकारी घटली, मग वाढले काय?

हेच अलीकडच्या आकड्यांत पाहू. वर्षाच्या हिशेबाने २०१७-१८ साली बेकारी ६.१ टक्के होती. तो अहवाल ३१ मे २०१९ रोजी प्रसिद्ध झाला तेव्हा बराच गदारोळ झाला. २०२३-२४ साली हाच दर ३.२ टक्क्यांवर आला. निम्म्यासारखी घट झाली, आनंदाची गोष्ट आहे. पण व्यापारी माणूस केवळ एक रकाना पाहून सौदा करीत नाही. तो शेजारचे रकानेही पाहतो.

शेजारचे रकाने असे आहेत. काम करणाऱ्यांपैकी स्वयंरोजगारी २०१७-१८ साली ५२.२ टक्के होते, ते २०२३-२४ साली ५८.४ टक्के झाले. त्यातही घरच्या धंद्यात पगाराशिवाय मदत करणारे १३.६ टक्क्यांवरून १९.४ टक्क्यांवर गेले. नियमित पगारावर असणारे मात्र २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आले. म्हणजे जे हात पूर्वी मोकळे होते किंवा मोजलेच जात नव्हते, त्यांतील पुष्कळ घरच्या दुकानात, शेतात किंवा कारखान्यात लागले. एका दुकानात दोन भाऊ बसत होते, आता पुतण्याही बसतो. गिऱ्हाईक तेवढेच, पण बेकारी घटली.

स्वयंरोजगार वाईट असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः त्यातच आहोत. पण उत्साहाने टाकलेला धंदा आणि नोकरी मिळेना म्हणून वडिलांच्या गल्ल्याजवळ ठेवलेले स्टूल, या दोहोंना आकडा एकाच रकान्यात लिहितो. वाचणाऱ्याने तो फरक ध्यानात ठेवावा.

आपल्या समाजाला तर हा मुद्दा फारच लागू आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. रोजगाराचे तिचे बरेचसे आकडे २००४-०५ च्या ६१ व्या फेरीतून घेतलेले होते. काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारी आहेत आणि हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे, असे त्यातून दिसले. ज्या समाजात दुकान, मशीन आणि हातकाम जास्त, त्या समाजाची मंदी बेकारीच्या दरात कमी दिसते. ती कामाच्या तासांत आणि कमाईत दिसते.

एका चुलीवरची दोन कामे

पाहणीच्या भाषेत घर म्हणजे भिंती नव्हेत. नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक घर. गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा एकटे कामगार राहत आणि शेजारच्या बाईकडे खाणावळीचे जेवत. त्या बाईचे उदाहरण रोजगार मोजण्याच्या दृष्टीने फार बोलके आहे. ती नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी भाकरी भाजते, ते 'घरकाम', म्हणजे मोजणीत काम नाही. त्याच तव्यावर दहा कामगारांसाठी पैसे घेऊन भाकरी भाजते, तो 'धंदा', म्हणजे मोजणीत काम. दोन भाकऱ्यांत फरक कोणता, हे फक्त तीच सांगू शकते. विचारणाऱ्याने विचारले नाही किंवा घरातल्या पुरुषाने सांगितले नाही, तर तिचा सबंध धंदा गायब होतो.

हा धंदा किती मोठा होता, हे लोकांना उशिरा कळले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. त्याआधी त्या सावकाराकडून आणि वाण्याच्या उधारीवर धंदा चालवीत. संपाच्या काळात कित्येक घरे अशा बायकांच्या कमाईवर तगली. ज्याची मोजदाद होते त्याला कर्ज मिळण्याचा रस्ता खुला होतो, हा यातला धडा आहे.

आज आपल्या मोहल्ल्यांतील घरांत काय चालते ते पाहा. साडीला फॉल-पिको, रेडिमेड कपड्यांचे धागे कापणे, काज-बटण, टिकल्या लावणे, जरीकाम. माल शेठकडून येतो, नगावर मजुरी मिळते. पाहणीच्या नियमाप्रमाणे हे स्पष्टपणे काम आहे. बाहेरून माल घेऊन घरी काम करणाऱ्या बाईची नोंद स्वयंरोजगारी म्हणून व्हायला हवी. सच्चर समितीच्या अहवालाप्रमाणे काम करणाऱ्या मुसलमान स्त्रियांपैकी ७० टक्के स्वतःच्या घरात बसून काम करीत होत्या. सर्व स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५१ टक्के होते. आणि हे फक्त त्या स्त्रियांबद्दल आहे, ज्यांचे काम काम म्हणून लिहिले गेले. जिचे काम लिहिलेच गेले नाही, ती या शंभरात नाही.

ते लिहिले का जात नाही? दारातले बोलणे असे होते. पाहणीवाला विचारतो, "भाईसाहेब, घरात काम कोण करते?" उत्तर येते, "मी एकटा." "आणि भाभी?" "ती घरीच असते." झाले. तिची नोंद 'फक्त घरकाम' अशी पडली. घरासाठी शिवणटिपण करणाऱ्या बायकांसाठी वेगळा रकाना आहे, पण तोही बिनकामाच्याच यादीत येतो. बिबीच्या मजुरीतून मुलांच्या शाळेची फी भरणारा माणूससुद्धा अब्रूच्या कल्पनेने किंवा सवयीने "ती घरीच असते" असे म्हणतो. त्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, ती खरोखर घरीच असते. पण रोज पाच तास मजुरी करते, हे सांगायचे राहून जाते.

पाहणीवाला दारात आला तर

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नये. व्यापाऱ्याला आयकराची शंका येते. इतरांना वेगळ्या शंका येतात. २०२० च्या सुरुवातीला काही ठिकाणी पाहणीवाल्यांना नागरिकत्वाची नोंदणी करणारे समजून लोकांनी परत पाठवल्याच्या बातम्या आल्या होत्या. ओळखपत्र पाहावे, कोणत्या कार्यालयातून आले ते विचारावे, यात गैर काही नाही. सांख्यिकी संकलन कायदा, २००८ प्रमाणे घेतलेली माहिती सांख्यिकीच्या कामाखेरीज वापरता येत नाही आणि घराचे नाव जाहीर करता येत नाही. या पाहणीला बँकेचा खाते क्रमांक किंवा ओटीपी लागत नाही. तो कोणी मागितला तर तो पाहणीवाला नव्हे असे समजावे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक माणसाचे काम वेगळे सांगावे. बिबी, मुलगी, वृद्ध वडील, शाळेतून आल्यावर दुकानावर बसणारा तरुण मुलगा, सर्वांचे. शक्य असेल तर घरातल्या बाईचे उत्तर तिलाच देऊ द्यावे. वर्षात ३० दिवस केलेले हंगामी कामही सांगावे. रमजान ईद, दिवाळी आणि लगीनसराईत केलेली शिलाई यात सहज बसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या पाहणीत मागील सात दिवसांत रोज किती तास काम केले ते विचारतात. जादा काम मिळाले असते तर आणखी किती तास केले असते, हेही विचारतात. आपला कारागीर मानाने सांगतो, "काम चालू आहे, अल्लाहचा शुक्र आहे." शुक्र जरूर करावा, पण तासही मोजून सांगावेत. दोन दिवस काम झाले असेल तर दोनच सांगावेत आणि बाकीचे पाच दिवस काम हवे होते हेही सांगावे. बेकारीचा दर जे लपवतो, ते या दोन प्रश्नांतून बाहेर येते.

चौथी गोष्ट कमाईची. स्वयंरोजगाऱ्याला मागील ३० दिवसांची कमाई विचारतात. विक्री वेगळी आणि कमाई वेगळी. मालाचा खर्च, भाडे, वीज आणि कारागिराची मजुरी वजा करून जे हातात राहिले ते सांगावे. मंदीत फुगवून सांगणे आणि तेजीत दडवून सांगणे, दोन्हीने आपलेच चित्र बिघडते.

पाचवी गोष्ट, तोच माणूस पुन्हा आला तर वैतागू नये. निवडलेल्या घरी चार वेळा यायचे, अशी या पाहणीची पद्धत आहे. सलग चार महिने, दर महिन्याला एकदा, त्याच घरी विचारले म्हणजे एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात काय फरक पडतो ते कळते. कापडाच्या धंद्यासाठी तर हे फारच उपयोगाचे आहे.

आपला हिशेब आपण ठेवावा

सरकारी पाहणी कितीही चांगली झाली तरी ती एकट्या काळाचौकीचा आकडा देणार नाही. नमुना तेवढा मोठा नसतो. जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा नमुन्याचा पाया धरला आहे, ही सुधारणाच आहे. पण मुंबई जिल्ह्यातील शिलाई कारागिरांना आठवड्यात किती दिवस काम मिळाले, हे त्यातून लगेच निघणार नाही. त्यासाठी बाजाराच्या संघटनांनी आणि मोहल्ल्यातील कमिट्यांनी स्वतः थोडी तसदी घ्यावी, असे आम्हाला वाटते.

काम अवघड नाही. आपल्या भागातील कारखान्यांची आणि घरी काम करणाऱ्यांची यादी करावी. त्यातून चिठ्ठ्या टाकून पन्नास-साठ घरे निवडावीत. आपल्या ओळखीची निवडू नयेत. वर्षातून चार वेळा त्यांना चारच प्रश्न विचारावेत. गेल्या सात दिवसांत किती दिवस काम केले? रोज किती तास? आणखी किती काम करायची तयारी होती? हातात किती मजुरी पडली? बायकांना बायकांनीच विचारावे. नावे वहीत ठेवू नयेत, फक्त आकडे ठेवावेत. दोन वर्षांत अशी वही तयार होईल, जी बँकेपुढे, महापालिकेपुढे किंवा आमदारापुढे ठेवता येईल. "धंदा मंदा आहे" असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा "गेल्या पावसाळ्यात आमच्या कारागिरांना आठवड्याला सरासरी इतकेच दिवस काम मिळाले" हे एक वाक्य जास्त वजनदार ठरते.

काळाचौकीच्या गिरण्यांचा हजेरीपट आज कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही, कारण गिरण्याच राहिल्या नाहीत. गिरणीत होते ते काम आता हजार घरांत विखुरले आहे आणि त्या घरांचा हजेरीपट कोणी ठेवत नाही. सरकारी पाहणीवाला आला तर त्याला पुरे आणि खरे उत्तर द्यावे. तो येईपर्यंत आपली वही आपण सुरू करावी.